अंजिराची जखम

अनीशला त्या रविवारी सिनेमाला जायचंच नव्हतं, पण प्राचीनं तिकिटं आधीच काढून ठेवली होती आणि वर म्हणाली, दोन तास तरी डोकं बंद ठेव रे, उद्यापासून काकांचा दवाखाना आहेच. म्हणून गेला बिचारा. बडोद्यातलं, वासण्याच्या बाजूचं ते मल्टिप्लेक्स, दुपारचा शो, एसी एवढा की बाहेरचं ऊन खोटं वाटावं, मागच्या रांगेत एक अख्खं कुटुंब पॉपकॉर्नच्या बादल्या घेऊन बसलेलं, आणि दिवे मंद होतात न होतात तोच ती जाहिरात लागली. आता ती जाहिरात अनीशला काही नवी नाही बरं का, त्यानंच तर केलेली. एका माणसाचं उघडं तोंड, गाल बाहेर ओढलेला, आत ती भयंकर जखम, कॅमेरा हळूहळू जवळ जवळ जातो आणि खालून एक घोगरा आवाज गुजरातीत सांगतो की बिडी-सिगारेट सोडा. दोन वर्षं झाली, कुठल्याही सिनेमाला गेलं की आधी ही येणारच. अनीशची एक सवय होती, ती लागली की पडद्याकडे बघायचंच नाही, मान वळवून लोकांकडे बघायचं. कोण डोळे मिटतं, कोण मोबाइल काढतं, कोणाचा घास तोंडाशी थांबतो. पहिल्या पहिल्या महिन्यांत थांबायचे घास. मग थांबेनासे झाले. आज मागची ती बाई मुलाला म्हणाली, "अरे जो जो, पेलुं मोढुं आव्युं," म्हणजे ते तोंड आलं बघ, जसा एखादा ओळखीचा पाहुणा आला, आणि मुलगा खिदळला, आणि अनीशला काय झालं कोण जाणे, त्यानं लोकांकडे बघायचं सोडून पडद्याकडे बघितलं. भिंतीएवढा गाल. जखम वर, डाव्या अंगाला. आणि जखमेच्या खाली, दाढेच्या जवळ, जिथं कोणाचंही लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, एक लहानशी लाल शीर, वाकडी, मराठी चारच्या आकड्यासारखी, आणि तिच्या शेजारी, बोटभर अंतरावर, पुन्हा तीच शीर. तशीच वाकडी. जुळी.

तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटरवर फोटो साफ करणाऱ्याला जुळी शीर दिसली की एकच गोष्ट कळते, की इथं काहीतरी होतं आणि ते पुसलंय. शेजारची चामडी उचलून वर ठेवलीय. घाईत ठेवलीय, म्हणून शीर दोनदा आली. आणि पुसणारा दुसरा कोण असणार? तो गाल सुभानकाकांचा होता. आणि गेल्या बुधवारी, बरोबर त्याच जागेवर, दाढेच्या जवळ, गालाच्या आत, डॉक्टरनं लहानसा स्टीलचा आरसा ठेवून अनीशला म्हटलं होतं, इकडे या, हे बघा.

प्राचीनं विचारलं, काय रे, कुठे निघालास, तर तो पाणी, एवढंच म्हणाला आणि लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर आला. बाहेरच्या त्या गालिच्यावर उभा राहिला. तिथं लोण्याचा आणि फिनेलचा एकत्र वास येत होता. त्याला बुधवारचं सगळं पुन्हा आठवायला लागलं, आणि ते नुसतं आठवत नव्हतं, बदलत होतं. बुधवारी त्यानं डॉक्टरच्या आरशात बघितलं तेव्हा त्याला फक्त एक पांढुरका चट्टा दिसला होता, चिंचोक्याएवढा, कडेनं लालसर, आणि मनात पहिला विचार काय आला, तर एवढासाच? डॉक्टर म्हणाले, हा आजचा नाही. दोनेक वर्षं तर नुसता पांढरा असणार. नुसता पांढरा होता तेव्हा कोणी बघितला असता तर तेवढाच काढून टाकला असता, विषय संपला असता. आता गाल जाणार, जबड्याचा थोडा भाग जाणार, पुढचं नंतर बघू. काका खुर्चीत तोंड आ करून बसलेले, त्यांना बोलता येत नव्हतं, पण त्यांच्या डोळ्यांत अनीशला एक विचित्र गोष्ट दिसली होती, ओळख. हे असं तोंड उघडून, उजेड घेऊन, कोणाच्या तरी हाताखाली बसणं त्यांना ओळखीचं होतं. एकदा बसले होते ना आधी, फतेगंजला, पुतण्याच्या स्टुडिओत.

ती गोष्ट अशी. स्टुडिओ म्हणजे काय, युनिव्हर्सिटीच्या रस्त्याला एका झेरॉक्सवाल्याच्या वर दोन खोल्या, एका खोलीत कॉम्प्युटर, दुसरीत पांढरा पडदा. अनीश आणि प्राची फाइन आर्ट्सहून नुकतेच बाहेर पडलेले, साड्यांचे कॅटलॉग, लग्नाच्या पत्रिका, नमकीनच्या पुड्या, मिळेल ते करायचे, आणि अचानक हे मोठं काम आलं, एका संस्थेची व्यसनमुक्तीची मोहीम, पोस्टर, बसमागचे फलक, सिनेमाची जाहिरात, सगळंच. तोंड कोणाचं घ्यायचं? मॉडेल महाग. काका म्हणाले, मी आहे की. काका म्हणजे आयुष्यभर विमा कचेरीत नोकरी, पण गणपतीत दरवर्षी नाटक, मांडव कुठलाही असो सुभानराव स्टेजवर हवेतच, आणि वेड असं की मेलेल्या माणसाचं काम मिळालं तरी तालमीला आधी हजर. आणि सिगारेट म्हणाल तर कॉलेजपासून. काकू नाराज होती. रमाकाकू म्हणाली, "जित्या माणसाचा असा फोटो काढतात का रे, अभद्र कुठचे. सगळ्या गावात लावणार नि लोक मला विचारणार, काका गेले का म्हणून." काका म्हणाले, "अगं गेलो तर पोस्टर तर राहील. बडोद्यात आपल्या घराण्यात अजून कोणाचं पोस्टर लागलंय?" आणि आले. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला प्लास्टिकचा चिमटा लावून गाल ओढला, दिवे लावले, आणि काका तासभर तोंड उघडं ठेवून बसले, लाळ गळायला लागली तर काकूच पुढे होऊन नॅपकिननं टिपायची, पुटपुटत, रागानं, पण टिपायची. आणि जखम? जखम अंजिराची. खरंच. प्राचीनं मंडईतून पिकलेली अंजिरं आणलेली, ती उकलून, त्याच्यावर पाकाचा थेंब टाकून, बिटाचा रस लावून अनीशनं फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर ते तुकडे गालावर नेऊन बसवले. उरलेली अंजिरं काका तिथंच बसून खाऊन गेले. बिया दातात अडकल्या म्हणून जिभेनं चाचपत होते. तेव्हापासून अनीशनं अंजीर खाल्लेलं नाही, पण ते वेगळं.

बरं, पहिली जखम त्यानं लहान केली होती. डॉक्टरांच्या पुस्तकातले फोटो बघून, खरी असते तशी. संस्थेचे साहेब आले, पांढरे बूट, गोड बोलणं, पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाले, "आमां तो कशुं देखातुं नथी, भाई." काहीच दिसत नाही म्हणे. थोडं वाढवा. वाढवलं. अजून थोडं. माणसाच्या हातातून चहाचा कप पडला पाहिजे, असं पाहिजे. अनीश वाढवत गेला, आणि खरं सांगायचं तर त्याला मजा यायला लागली, अजून एक अंजीर, अजून थोडा पाक, कडेला काळसर, मधे पिवळं, रात्रीचं जेवण विसरून तो त्या गालात राहत होता. प्राची म्हणाली, बस कर रे, मला उलटी होईल, आणि तीच त्याला शाबासकी वाटली. पण हे सगळं बसवायच्या आधी गाल साफ करायला लागतो. म्हणजे चेहरा चोख पाहिजे, मग त्याच्यावर घाण नीट उठते. दातांवरचे डाग ठेवायचे, लाळेची चमक काढायची, दिव्याची चमक काढायची. त्यानं गाल मोठा केला, एवढा मोठा की पडद्यावर गाल उरलाच नाही, नुसतं गुलाबी रान, आणि त्या रानात दाढेच्या बाजूला एक पांढुरका ठिपका. मुगाच्या डाळीएवढा. दुधावरची साय सुकून चिकटावी तसा.

आणि प्राचीनं विचारलं होतं, हे काय आहे रे? आणि तो म्हणाला होता, फ्लॅश.

एक क्लिक. शेजारची चामडी उचलली, वर ठेवली. गेलं.

हे असं झालं होतं का? मल्टिप्लेक्सच्या त्या गालिच्यावर उभा राहून तो स्वतःला हेच विचारत होता. कारण दोन वर्षांत त्यानं हजारो ठिपके पुसलेत, नवऱ्यामुलीच्या हनुवटीवरचे, साडीवरचे, बर्फीच्या तुकड्यावरचे, हात आपोआप जातो, त्यातला एक ठिपका आठवतो म्हणणं म्हणजे जेवताना चावलेला एक घास आठवतो म्हणण्यासारखं. तरी आठवत होता. सायीसारखा. की बुधवारी डॉक्टरच्या आरशात पाहिलेलाच चट्टा त्यानं आता मागे नेऊन तिथं ठेवला? जसं अंजीर ठेवलं? मूळ फोटो बघावे तर ते कधीच उडवून टाकलेले, जागा होत नव्हती म्हणून. तेवढ्यात प्राची बाहेर आली, हातात त्याची पाण्याची बाटली. "काय झालं? काकांचं टेन्शन?" त्यानं विचारलं, "प्राची, तुला आठवतं, काकांचा फोटो केला तेव्हा गालात काही होतं? खाली, दाढेकडे?" तिनं जरा आठवून बघितलं, अगदी प्रामाणिकपणे, आणि म्हणाली, "कुठे रे? गाल तर एकदम क्लीन होता. म्हणून तर आपण काकांना घेतलं ना, सिगारेट पिऊन पण काय चामडी आहे, असं तूच म्हणालेलास." आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती खोटं बोलत नव्हती. तिच्याकडे फक्त पुसलेला गाल होता. आता जगात तो ठिपका दोनच ठिकाणी होता, काकांच्या तोंडात आणि अनीशच्या डोक्यात, आणि तोंडातला मोठा झाला होता. तो म्हणाला, तू बघ पिक्चर, मी येतो जाऊन. प्राची फक्त हेल्मेट विसरू नको म्हणाली.

अ‍ॅक्टिवा काढली आणि निघाला. उन्हात रस्ता पांढरा झालेला. अकोट्याकडून विश्वामित्रीच्या पुलावर आला तर तिथं नेहमीसारखी गर्दी, लोक गाड्या कडेला लावून खाली वाकलेले, मगर दिसते का बघायला. बापानं पोराला कठड्यावर धरलेलं, दाखव दाखव, कुठे कुठे, ते बघ, ते लाकूड नाही, मगर आहे. पोरगं आनंदानं किंचाळतंय. अनीश सिग्नलला अडकला म्हणून तोही बघत राहिला. लहानपणी काका त्याला इथंच आणायचे, स्कूटरवर पुढे उभा करून. मगर दिसली की काका म्हणायचे, वर आहोत तोवर मजा. त्याला वाटलं, आपण तेच केलं, लोकांना पुलावर उभं करून खालची मगर दाखवली. एवढी मोठी मगर, एवढे दात, की बघणारा खूश, आपण वर, ती खाली, घरी जाऊन जेवू. त्यानं काय दाखवायला पाहिजे होतं, तर ते लाकूड. नुसतं तरंगणारं लाकूड, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, "चालो ने भाई, ऊंघी गया?" झोपलात का म्हणे.

काका कधी घाबरलेच नाहीत, हे त्याला जास्त टोचत होतं. घाबरणार कसे? जखमेची अंजिरं त्यांनी स्वतः खाल्लेली. लालबागचा पूल उतरून मांजलपूरला वळलं की कोपऱ्यावर कनुभाईचा पानाचा गल्ला आहे, म्हणजे टपरी, काकांचा अड्डा. पोस्टर आलं तेव्हा काकांनी स्वतः नेऊन कनुभाईला दिलं, लाव म्हणाले, आणि कनुभाईनं मागच्या फळीवर लावलं, आणि सुतळीला बांधलेला लायटर त्याच्याच समोर लोंबत होता. काका रोज संध्याकाळी त्या स्वतःच्या तोंडासमोर उभे राहून लायटर ओढायचे, आणि कनुभाई ओरडायचा, "आवो, हीरो आव्या." गिऱ्हाइकांना सांगायचा, आ काका पेला फोटावाळा, म्हणजे त्या फोटोतले ते हेच काका. मग कोणी कॉलेजचा पोरगा दोघांकडे आलटूनपालटून बघायचा, तोंड आणि पोस्टर, पोस्टर आणि तोंड, आणि काका त्याला गाल आतून ओढून दाखवायचे, बघ, काही नाही, सगळं कलाकारी. पोरगा हसायचा. आणि सिगारेट पेटवायचा. हे अनीशनं स्वतः पाहिलेलं, पाहून तोही हसलेला. कितीजणांना काकांनी तो गाल उघडून दाखवला असेल. ठिपका तेव्हा तिथंच होता, सगळ्यांच्या देखत, भर रस्त्यात, कनुभाईच्या ट्यूबलाइटखाली, आणि कोणाला दिसला नाही, कारण सगळे पोस्टरवरच्या त्या मोठ्या जखमेशी ताडून बघत होते.

आत्ता गल्ल्यापाशी तो थांबला. का थांबला त्याला कळलं नाही. पोस्टर अजून होतं, पण उन्हानं पार गेलेलं, लाल रंग आधी उडतो ना, तर जखमेतलं सगळं लाल उडून ती निळसर, राखेसारखी झालेली, अंजीर ओळखू येत नव्हतं. सगळा गालच पांढुरका. एक माणूस सिगारेटचं पाकीट मागत होता, कनुभाईनं दिलं तर त्यानं उलटून बघितलं आणि परत केलं, "आ नहीं, बीजा फोटावाळुं आपो ने, जमीने आव्यो छुं." जेवून आलोय, दुसऱ्या फोटोचं दे. कनुभाईनं मुकाट्यानं बदलून दिलं, जसं कोणी लिंबू बदलून मागावं. मग अनीश दिसला. "अरे अनीशभाई, सुभानकाका क्यां छे? देखाता नथी." अनीश म्हणाला, "घेर छे." घरी आहेत. "मजामां ने?" आणि अनीशनं मान हलवली, हो अशी. त्याला वाटलं, सांगावं. पण काय सांगणार, कनुभाई, ते पोस्टर काढा? की ठेवा? आता तर ते खरं झालंय.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार काकूनं उघडलं, पदराला हात पुसत, आणि नेहमीसारखं आधी जेवलास का विचारलं. हॉलमध्ये बॅग भरून ठेवलेली, वर घडी केलेले दोन पंचे, स्टीलचा पेला, देवाचा अंगारा. घरात त्या आजाराचं नाव कोणी घेत नव्हतं, बुधवारपासून सगळे नुसतं 'ते' म्हणत होते, 'त्याचं' ऑपरेशन, 'ते' काढलं की. काका खुर्चीत बसून पेपर वाचत होते, एका बाजूनं बोलत. "ये अन्या. हीरोला भेटायला आलास?" टेबलावर सेव-उसळीचं पार्सल होतं, काकूनं हट्टानं आणलेलं, त्यांना आवडते म्हणून, आणि त्यांनी नुसती सेव बाजूला सारून पाव दुधात बुडवून खाल्लेला. अनीशला तेही आठवलं. गेलं वर्षभर काका उसळीवरची तर्री घेत नव्हते. तिखट झेपत नाही रे आता, वय झालं. आणि सगळे म्हणाले होते, बरं आहे, पोटाला चांगलं. आणखी एक पुसलेला ठिपका, पण हा सगळ्यांनी मिळून पुसलेला.

तो सांगायलाच आला होता. वाटेत वाक्यसुद्धा जुळवलेलं. काका, मी तेव्हा बघितलं होतं. पण काकांनीच आधी विचारलं, पेपर खाली ठेवून, खरंच कुतूहलानं, "काय रे, तुमच्याकडे हिशेब असतो ना, किती लोकांनी बघितलं वगैरे. माझं तोंड बघून एकाची तरी सुटली का?"

अनीशला त्या संस्थेच्या साहेबांचा हॉल आठवला, समोसे, प्रोजेक्टर. साहेब भारी खूश होते. लोकांना जाहिरात लक्षात राहते, दहा जणांना विचारलं तर बहुतेक सगळ्यांना तोंड आठवतं. सुटली का, हे कोणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "लोकांच्या लक्षात आहे काका. फार."

"लक्षात तर माझ्याही होती," काका म्हणाले, आणि एका बाजूनं हसले, आणि हसताना दुखलं म्हणून थांबले. "मला कधीपासून जीभ लागत होती तिथं. खरखर. आरशात बघायचो. म्हणायचो, छे, पोस्टरसारखं कुठंय? ते कसं, आणि हे कसं. हे तर काहीच नाही." काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर." काका म्हणाले, "सांगितलं ने तुला. तू म्हणालीस, गरम चहा पिता, भाजलं असेल." कुकरची शिट्टी झाली. अनीशनं जुळवलेलं वाक्य तोंडात होतं, अगदी दाताच्या मागे, आणि ते बाहेर येत नव्हतं. त्याला दिसत होतं, की ते बाहेर आलं तर काका लगेच त्याचीच समजूत घालायला लागतील, अरे जाऊ दे रे, तुला काय माहीत, तू काय डॉक्टर आहेस, पाठ थोपटतील, आणि उद्या भरती व्हायचंय तो माणूस आज संध्याकाळ पुतण्याला सावरण्यात घालवेल. सांगणं म्हणजे स्वतःसाठीच काहीतरी मागणं होतं. तो गप्प बसला. पण गप्प बसणंही त्याला चोख वाटेना, तेही गाल साफ करण्यासारखंच वाटलं.

काकू हात पुसत आली आणि म्हणाली, "अनीश, एक काम कर ने. त्यांचा एक चांगला फोटो काढ. उद्यानंतर…" आणि पुढचं तिनं गिळलं. काका लगेच उठले, फोटो म्हटल्यावर उठणारच, इस्त्रीचा शर्ट घालून आले, भांग पाडून, आणि भिंतीजवळ बसले. वर पणजोबांची तसबीर, दरबारी पगडी, मिशा, सरकारी नोकरीतल्या मोठ्या हुद्द्याचा रुबाब. सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे, की पणजोबांना देवी येऊन गेलेल्या, तोंडावर खड्डेच खड्डे, पण तसबिरीत गाल कसे मऊ गुलाबी, कारण तेव्हाच्या चित्रकारानं फोटोवर रंग भरताना सगळे खड्डे बुजवले. लहानपणी अनीश तासन्‌तास बघायचा त्या गालांकडे, खड्डे कुठे गेले असतील म्हणून. त्यातूनच त्याला हे वेड लागलं, असं काकू सगळ्यांना कौतुकानं सांगायची. त्यानं मोबाइलवर फोटो काढले, समोरून, बाजूनं, काकूबरोबर एक. काकांनी नाटकातल्या राजासारखा हात मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आता एक आतला घे."

"अहो, काय हे," काकू म्हणाली.

"घेऊ दे गं. परवा तो गाल राहणार नाही, आणि मी कधी नीट बघितलाच नाही. घे अन्या. लाइट लाव." आणि त्यांनी बोटानं गाल ओढला, तसाच, तेव्हासारखा, चिमट्याशिवाय. अनीशनं टॉर्च लावला. त्यानं कोपर काकांच्या खांद्याला टेकवलं. काकांचा श्वास त्याच्या मनगटावर येत होता, कोमट, सिगारेटचा वास नसलेला, बुधवारपासूनचा. त्यानं फोटो काढला. आणि बाजूला काकू नॅपकिन घेऊन उभी होती, तिचा हात आपोआप पुढे आला आणि तिनं ओठांच्या कोपऱ्यातली लाळ टिपली.

काकांनी चष्मा लावून मोबाइल हातात घेतला. बराच वेळ बघत राहिले, दूर धरून, जवळ धरून. "एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच," अनीश म्हणाला.

"मग तू त्या पोस्टरवर एवढं मोठं कशाला केलंस रे?" रागानं नाही, अगदी साधं विचारलं, तालमीत विचारतात तसं. "हेच लावलं असतंस, तर मी ओळखलं असतं."

खाली सोसायटीत पोरं क्रिकेट खेळत होती, कोणीतरी आउट झालं आणि भांडण सुरू झालं, गुजरातीत, मग हिंदीत. काकांनी मोबाइल परत दिला आणि शर्टाची बटणं काढायला आत गेले. काकू अनीशच्या शेजारी बसली, त्याच्या खांद्यावरून बघत. तिनं बोटानं फोटो मागे सारला, समोरून काढलेल्यावर आली. "हा चांगलाय. पण ही ओठाजवळची सूज काढून टाक हं, आणि डोळ्याखालचं काळं. आणि तो आतला ठेवू नकोस बाबा, आणि ठेवायचाच असेल तर ते पांढरं तरी काढ. तुला येतं ते. आपल्याकडे फोटोत कोणाला डाग नसतो." तिनं उगाचच पदर सारखा केला.

त्यानं आतला फोटो उघडला. पुसायचं ते साधन मोबाइलमध्येही असतं, बोट ठेवलं की पडद्यावर एक लहान गोल येतो. गोल आला. त्यानं तो हळूहळू दाढेच्या बाजूला नेला, चट्ट्यावर आणला. बरोबर बसला, जणू मापाचाच. अंगठा उचलला की झालं. काकू श्वास रोखून बघत होती, आणि वरून पणजोबा, गुळगुळीत. अनीशनं अंगठा तसाच बाजूला ओढत नेला, पार फोटोच्या बाहेर, आणि तिथं उचलला.

"राहू दे काकू," तो म्हणाला.

"का रे? येत नाही का मोबाइलवर?"

आतून काका म्हणाले, "राहू दे गं. परवा डॉक्टर काढणारच आहेत." काकू उठली, पोळ्या टाकते म्हणाली, तू जेवूनच जा म्हणाली. तो तिथंच बसून राहिला. त्यानं दोन बोटांनी तो चट्टा मोठा केला, अजून मोठा, पडद्यावर दुसरं काही उरलं नाही इतका. कडा कुठून सुरू होते ते बघितलं. पांढरं कुठे संपतं, लाल कुठे लागतं. एक लहानशी शीर होती शेजारी, वाकडी, चारच्या आकड्यासारखी. एकच होती.